लॅपटॉपमधील डिस्क ड्राइव्ह : दोषनिदान, बदल आणि चकत्यांचे जतन

प्रस्तावना

महागाव परिसरातील अनेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमशेजारी, सीडी आणि डीव्हीडी यांची लहानशी चवड आजही सापडते. तिच्यात कोणाच्या विवाहाचे चित्रण असते, कोणाच्या आजोबांचे सभेतील भाषण असते, वामनदादा कर्डक किंवा प्रल्हाद शिंदे यांची गीते असतात, तर कुठे शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्हीसीडी असते. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. त्या काळात पेन ड्राइव्ह महाग होते आणि इंटरनेट अतिशय मंद होते. त्यामुळे आठवणी, गाणी, अभ्यासाचे साहित्य असे जे जे जपून ठेवायचे, ते ते चकतीवर उतरवले गेले.

आज त्या चकत्या आहेत. परंतु त्या वाचणारी यंत्रे थकत चालली आहेत. जुन्या लॅपटॉपमध्ये चकती घातली की ती थोडी फिरते, दोन-तीनदा खटखट आवाज येतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत तीनपैकी एक निर्णय होतो. ‘सीडी खराब झाली’ असे म्हणून ती फेकून दिली जाते. ‘लॅपटॉप गेला’ असे समजून तो भंगारात निघतो. किंवा तीच चकती पुन्हा पुन्हा आत ढकलली जाते. या तिन्हींमुळे नुकसान होते. दोष बहुधा एकाच सुट्या भागात असतो, तो भाग बदलता येतो आणि त्याची किंमत नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा असते. चकतीवरील एकमेव चित्रण मात्र एकदा गेले की कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

हा भेद मनात ठेवून प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार केला आहे : दोष नेमका कुठे आहे हे क्रमाने कसे शोधावे, ड्राइव्ह कसा बदलावा, आणि चालू ड्राइव्ह हाती आल्यावर सर्वप्रथम काय करावे.

१. ड्राइव्ह काम कसे करतो

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून विकसित केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या या चकतीवर मध्यापासून कडेकडे जाणारी एकच सर्पिलाकार वाट असते. तिचे लगतचे दोन वेढे एकमेकांपासून अवघे १.६ मायक्रोमीटर दूर असतात. ही वाट सरळ उलगडली तर तिची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. डीव्हीडीमध्ये हे अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी असते. म्हणूनच सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, तर साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट माहिती मावते.

ही वाट वाचण्यासाठी ड्राइव्हमध्ये चार प्रमुख भाग असतात. पहिला, चकती फिरवणारी मोटार. दुसरा, लेसर किरण सोडणारा आणि परत आलेला प्रकाश टिपणारा घटक. त्यावर मसुरीच्या डाळीपेक्षा थोडे मोठे भिंग बसवलेले असते. तिसरा, हा घटक आतून बाहेर सरकवणारी बारीक आट्यांची दांडी आणि तिची लहान मोटार. चौथा, ट्रे उघडण्या-मिटण्याची यंत्रणा आणि तिच्याबरोबर वाकणारी चपटी तारपट्टी.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सीडी ७८० नॅनोमीटर लांबीच्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त किरणाने वाचली जाते. डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल किरणाने. एकाच ड्राइव्हमध्ये या दोन्हींची सोय असते. त्यांतील एक क्षीण झाला तर ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो पण सीडी वाचत नाही, किंवा याच्या उलट घडते. असे लक्षण दिसले की दोष चकतीचा नसून ड्राइव्हचा आहे, असा निष्कर्ष बऱ्याच खात्रीने काढता येतो.

२. शोधाचा क्रम

चकती वाचली जात नसेल तर दोष चार ठिकाणी असू शकतो : चकतीत, विंडोजसारख्या कार्यप्रणालीत, जोडणीत किंवा प्रत्यक्ष ड्राइव्हमध्ये. तपासणीही याच क्रमाने करावी. चकती तपासायला खर्च नाही. कार्यप्रणाली तपासायला थोडा वेळ लागतो. जोडणी आणि ड्राइव्ह तपासायला लॅपटॉप उघडावा लागतो. सोपे, विनाखर्चाचे आणि परत फिरवता येण्याजोगे पाऊल आधी टाकावे. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून कागदावर नोंद करावी. चार बदल एकदम केले आणि ड्राइव्ह चालू झाला, तर कशामुळे चालू झाला हे कळत नाही; नाही झाला, तर नवा दोष आपणच निर्माण केला काय, हेही कळत नाही.

३. पहिली पायरी : चकतीची तपासणी

तीन चकत्या घ्याव्यात : कारखान्यात छापलेली एक सीडी, छापलेली एक डीव्हीडी आणि घरी किंवा दुकानात भरलेली एक चकती. छापलेल्या चकतीची वाचनाची बाजू चंदेरी असते. भरलेल्या चकतीवर हिरवट, निळसर किंवा जांभळट छटा दिसते. भरलेल्या चकतीतील माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि हा थर ऊन व उष्णता यांनी विटतो. म्हणून छापलेल्या दोन्ही चकत्या चालल्या आणि भरलेली एकच अडली, तर संशय प्रथम त्या चकतीवर घ्यावा. तिन्ही अडल्या तर चकत्या निर्दोष समजून पुढे जावे. शक्य असल्यास अडलेली चकती दुसऱ्या संगणकात घालून पाहावी. निरनिराळ्या ड्राइव्हची वाचनक्षमता निरनिराळी असते आणि एकाने नाकारलेली चकती दुसरा विनातक्रार वाचतो, असा अनुभव वारंवार येतो.

चकती पुसताना मऊ, स्वच्छ सुती कापड घ्यावे आणि मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेषेत पुसावे. गोलगोल पुसू नये. ड्राइव्हमध्ये त्रुटी दुरुस्त करण्याची योजना असते. वाटेला आडवा छेद देणारा लहान ओरखडा ती भरून काढते. परंतु वाटेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती नष्ट करतो आणि तेथे ही योजना अपुरी पडते.

सीडीबाबत आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण चमकणारी बाजू जपतो आणि नाव लिहिलेली बाजू टेबलावर घासतो. वास्तविक सीडीतील माहितीचा थर नावाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्या बाजूवरचा खोल ओरखडा किंवा बॉलपेनचा दाब हा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. डीव्हीडीमध्ये हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती या बाबतीत अधिक सुरक्षित असते.

दोन प्रसंगी चकती आणि ड्राइव्ह दोन्ही निर्दोष असूनही चित्र दिसत नाही. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय मुळातच दिलेली नाही. चकतीतील फाइलींची नावे दिसतात पण चित्रण चालत नाही, अशी तक्रार असेल तर व्हीएलसी हा विनामूल्य प्रोग्राम बसवून पाहावा. दुसरे असे की, चकतीवर थेट चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यात काम संपल्यावर चकती ‘फायनलाइझ’ करावी लागत असे. ते राहून गेले असेल तर संगणकाला ती कोरी वाटते. अशी चकती कोरी समजून तिच्यावर दुसरे काही भरू नये.

४. दुसरी पायरी : कार्यप्रणालीची तपासणी

‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हचे चिन्ह दिसते काय, ते प्रथम पाहावे. दिसत नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ‘डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज’ या नावाखाली ड्राइव्हची नोंद असते. तेथे पिवळे चिन्ह असेल तर त्या नोंदीवर दोनदा क्लिक करून दोषाचा क्रमांक वहीत उतरवावा. पहिला उपाय सोपा आहे : ती नोंद ‘अनइन्स्टॉल’ करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विंडोज ड्राइव्ह नव्याने ओळखून त्याची नोंद आपोआप करते.

दोषाचा क्रमांक १९, ३९ किंवा ४१ असेल आणि वरील उपायाने तो गेला नाही, तर कारण बहुधा विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे ‘रजिस्ट्री’त असते. सीडी भरण्याचे जुने प्रोग्राम काढून टाकताना त्यांच्या दोन नोंदी मागे राहतात आणि ड्राइव्हची वाट अडवतात. रजिस्ट्रीत ‘लोकल मशीन’, ‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, ‘क्लास’ या मार्गाने गेल्यावर ‘४डी३६ई९६५’ या अक्षरांनी सुरू होणारा विभाग सापडतो. उजवीकडे डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हजचे नाव आहे याची खात्री करून त्याच विभागातील ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी काढाव्यात. तत्पूर्वी ‘एक्स्पोर्ट’ वापरून त्या विभागाची प्रत जपून ठेवणे अनिवार्य समजावे. दुसऱ्या कोणत्याही विभागाला हात लावू नये. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी ते जाणकाराच्या उपस्थितीतच करावे.

५. तिसरी पायरी : बायोस आणि स्वतंत्र चाचणी

कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वी लॅपटॉप आपले भाग स्वतः मोजून घेतो. लॅपटॉप सुरू करताच कंपनीनुसार एफ-२, एफ-१० किंवा एस्केप कळ दाबली असता बायोसचा पडदा उघडतो. तेथे ऑप्टिकल ड्राइव्हचे नाव नसेल तर दोष विंडोजचा नाही. जोडणी सैल आहे किंवा ड्राइव्ह निकामी झाला आहे.

बायोसमध्ये नाव आहे पण विंडोजमध्ये ड्राइव्ह चालत नाही, अशा वेळी पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली तात्पुरती सुरू करून पाहावी. त्यासाठी हार्ड डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही. तेथे चकती वाचली गेली तर ड्राइव्ह ठीक असून दोष विंडोजमध्ये आहे. तेथेही अडली तर ड्राइव्ह उघडण्याची वेळ आली. ही एक चाचणी केली तरी विनाकारण होणारी खरेदी बहुतेक वेळा टळते.

६. चौथी पायरी : ड्राइव्हची लक्षणे

ड्राइव्हचा दोष कान आणि डोळे यांनीही ओळखता येतो.

• चकती मुळीच फिरत नाही : फिरवणारी मोटार, वीजपुरवठा किंवा भिंगाचा घटक निकामी असण्याची शक्यता. चकती आहे हे भिंगाला कळले नाही तरी मोटार फिरत नाही.

• चकती फिरते, थांबते, पुन्हा फिरते आणि खटखट आवाज येतो : भिंगाला केंद्र साधत नाही. कारण धूळ किंवा क्षीण झालेला लेसर.

• सीडी चालते, डीव्हीडी नाही. किंवा याच्या उलट : दोनपैकी एक लेसर क्षीण.

• चित्रण सुरुवातीला चालते, शेवटी अडते : चकतीची बाहेरची कड मळलेली, किंवा भिंग सरकवणारी दांडी अडखळते.

• ट्रे उघडत नाही किंवा मिटत नाही : खटक्याची यंत्रणा अथवा तारपट्टी दोषी.

ट्रे अडकला असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा. ट्रेच्या दर्शनी भागावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. सरळ केलेली कागदाची क्लिप त्यात अलगद सरळ रेषेत दाबली की खटका सुटतो आणि ट्रे थोडा बाहेर येतो. उरलेला हाताने ओढावा. पेचकस घालून ट्रे उचकटण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

धूळ हे आपल्याकडील मोठे कारण आहे. उन्हाळ्यातील वारे, कापसाच्या हंगामात हवेत तरंगणारे तंतू आणि चुलीचा धूर यांचा थर त्या इवल्या भिंगावर बसतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे उघडताच भिंग समोर दिसते. लॅपटॉप बंद ठेवून रबरी फुग्याच्या फुंकणीने हवा मारावी. तेवढ्याने भागले नाही तर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करून भिंगावर अगदी हलकेच टेकवून फिरवावी. भिंग नाजूक तारांवर तोललेले असते. दाब पडला तर ते कायमचे सरकते. तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचे कण भिंगावर बसतात. उघड्या ड्राइव्हच्या लेसरकडे डोळा लावून कधीही पाहू नये. सीडीचा किरण जवळजवळ दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करू शकतो.

७. खरेदीपूर्वीच्या नोंदी

साफसफाईनेही गुण आला नाही तर ड्राइव्ह बदलावा. महागावात सुटा भाग मिळाला नाही तर पुसद, उमरखेड, यवतमाळ किंवा नांदेड गाठावे लागते. चुकीचा भाग आणला तर प्रवासखर्च वाया जातो आणि एका दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून निघण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. शक्य असल्यास जुना ड्राइव्ह काढून सोबतच न्यावा.

(१) जाडी : लॅपटॉपचे ड्राइव्ह प्रामुख्याने दोन जाडींत येतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. जाड ड्राइव्ह पातळ खाचेत जाणारच नाही. पातळ ड्राइव्ह जाड खाचेत सैल राहील.

(२) जोडणी : अलीकडच्या ड्राइव्हला साटा जोडणी असते, तिच्यात ७ आणि ६ संपर्कांचे दोन सपाट गट शेजारी शेजारी दिसतात. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये ५० संपर्कांची आयडीई जोडणी असे. या दोन्ही एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

(३) चकती घेण्याची पद्धत : बाहेर येणारा ट्रे की चकती थेट आत ओढणारी फट.

(४) प्रतिकृती क्रमांक : तो ड्राइव्हच्या चिकटपट्टीवर असतो. येथे लॅपटॉपच्या कंपनीचे नाव सापडले नाही तर गोंधळून जाऊ नये. ‘एचएल-डीटी-एसटी’ म्हणजे हिताची-एलजी, ‘टीएसएसटी’ म्हणजे तोशिबा-सॅमसंग आणि ‘मात्सुशिता’ म्हणजे पॅनासॉनिक. या कंपन्यांचे ड्राइव्ह अनेक लॅपटॉप कंपन्या वापरत असत. म्हणून जाडी आणि जोडणी जुळली तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्हही बहुधा चालतो.

(५) दर्शनी पट्टी आणि मागची पत्री : ट्रेपुढील प्लॅस्टिकची पट्टी प्रत्येक लॅपटॉपच्या आकाराप्रमाणे वळवलेली असते. ती आणि मागील लहान धातूची पत्री नव्या ड्राइव्हबरोबर मिळत नाहीत असे धरून चालावे. जुन्या ड्राइव्हचे हे दोन भाग जपावेत.

८. प्रत्यक्ष बदल

साहित्य फार लागत नाही : लहान फुलीचा पेचकस, कागदाची क्लिप, स्क्रू ठेवण्यासाठी वाटी आणि टेबलावर अंथरायला सुती कापड.

प्रथम लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढावी आणि चालू करण्याची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगावर साठलेल्या स्थिर विजेने सुटे भाग दगावू शकतात. त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी.

लॅपटॉप पालथा करून तळाकडील स्क्रू पाहावेत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका स्क्रूशेजारी चकतीचे लहान चित्र कोरलेले असते. तेवढा एकच स्क्रू काढला की ड्राइव्ह मोकळा होतो आणि बाजूने सरळ बाहेर ओढता येतो. काही लॅपटॉपमध्ये हा स्क्रू तळाच्या झाकणाखाली किंवा कीबोर्डखाली असतो. तेथे कंपनीची माहितीपुस्तिका पाहिल्याविना पुढे जाऊ नये. बॅटरी आत बसवलेली असेल तर झाकण उघडताच सर्वप्रथम तिची जोडणी सोडवावी. ड्राइव्ह हलत नसेल तर जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधावा.

जुना ड्राइव्ह बाहेर आल्यावर त्यात चकती अडकलेली नाही ना, हे छिद्रातून ट्रे उघडून पाहावे. ट्रे उघडा असतानाच दर्शनी पट्टीच्या कडेचे प्लॅस्टिकचे खटके एकेक करून दाबावेत, पट्टी सुटते. मागील पत्रीचे एक-दोन स्क्रू काढावेत. हे दोन्ही भाग नव्या ड्राइव्हवर त्याच दिशेने बसवावेत. नंतर ड्राइव्ह खाचेत सपाट ठेवून हळूहळू आत सरकवावा. शेवटी जोडणी बसल्याची किंचित जाणीव बोटांना होते. मग स्क्रू लावावा. तो गच्च आवळू नये.

लॅपटॉप सुरू करून प्रथम बायोसमध्ये नाव पाहावे आणि नंतर विंडोजमध्ये. वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. त्यानंतर आधीच्याच तीन चकत्या त्याच क्रमाने घालून पाहाव्यात. घरातील एकमेव, मोलाची चकती नव्या ड्राइव्हच्या चाचणीसाठी कधीही वापरू नये.

९. बदलावा की बाहेरून जोडावा ?

प्रत्येक वेळी आतील ड्राइव्ह बदलणे शहाणपणाचे ठरत नाही. यूएसबी तारेने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह कोणत्याही लॅपटॉपला लागतो. २००८ साली ॲपलने मॅकबुक एअर हा लॅपटॉप ड्राइव्हशिवाय बाजारात आणला आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी तीच वाट धरली. त्यामुळे नव्या लॅपटॉपवाल्यांना बाहेरच्या ड्राइव्हखेरीज पर्याय उरलेला नाही. ज्या शाळेत दहा लॅपटॉप आहेत तेथे दहा ड्राइव्ह बदलण्यापेक्षा बाहेरचे दोन चांगले ड्राइव्ह घेऊन कपाटात ठेवणे अधिक किफायतशीर होय.

बाहेरचा ड्राइव्ह जोडल्यावर चकती फिरून मध्येच थांबते, अशी तक्रार आली तर दोष विजेचा असू शकतो. यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते. ड्राइव्हला सुरुवातीला त्याहून अधिक लागू शकते. काही ड्राइव्हबरोबर दोन टोकांची तार मिळते, तिची दोन्ही टोके दोन खाचांत लावावीत; अथवा ९०० मिलिअँपिअर देणारी यूएसबी ३.० ची खाच वापरावी.

१०. ड्राइव्ह चालू झाला. आता प्रथम काय?

ड्राइव्ह दुरुस्त झाला की आपण एखादे आवडते गाणे लावून बसतो. तसे न करता त्याच दिवशी चकत्यांच्या प्रती करायला बसावे. नवा ड्राइव्हही कधीतरी थकणार आहे आणि पुढच्या वेळी तो बाजारात मिळेलच, याची शाश्वती नाही.

प्रथम चकत्यांचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात इतरत्र उपलब्ध असलेल्या चकत्या ठेवाव्यात. याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटक, अट्ठकथा आणि टीका यांची सीडी-रॉम तयार केली. तिची तिसरी आवृत्ती १९९९ साली निघाली. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या सहाव्या संगीतीतील पाठ तिच्यासाठी आधारभूत आहे. एखाद्याकडील ही सीडी आज चालली नाही तरी ग्रंथ हरवत नाही, कारण विन्यासाने तो आशय पुढे संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला आहे. ताडपत्रे, राजा मिंडॉनने मंडाले येथे कोरवून घेतलेल्या ७२९ संगमरवरी शिळा, छापील ग्रंथ, सीडी आणि आता संकेतस्थळ : माध्यमे बदलत गेली आणि पाठ टिकला, कारण जुने माध्यम हाती असतानाच प्रत्येक वेळी नवी प्रत केली गेली.

दुसऱ्या भागात जगात ज्यांची दुसरी प्रत नाही अशा चकत्या येतात : विवाह, स्नेहसंमेलन, निरोपसमारंभ, दिवंगत आईवडिलांचा आवाज. यांच्यासाठी कोणती संस्था संकेतस्थळ उभारणार नाही. प्रतींचे काम यांच्यापासून सुरू करावे. त्यातही भरलेल्या, जुन्या आणि उन्हाची झळ लागलेल्या चकत्या आधी घ्याव्यात.

व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ या शेपटाची मोठी फाइल असते. तीच चित्रण होय. ती हार्ड डिस्कवर उतरवून व्हीएलसीमध्ये चालवता येते. डीव्हीडीची मात्र संपूर्ण चकतीचीच ‘आयएसओ’ प्रत करणे उत्तम. चकती मध्येच अडली तर पुन्हा पुन्हा साधे ‘कॉपी’ करू नये. लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ हा विनामूल्य प्रोग्राम आधी वाचण्याजोगा भाग उतरवून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर तेवढ्याच जागा पुन्हा वाचून पाहतो. तीच नोंद घेऊन चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर पहिल्याने सोडलेला भाग दुसरा वाचू शकतो.

प्रत झाल्यावर ती सुरुवातीला, मध्ये आणि विशेषतः शेवटी चालवून पाहावी. चकती आतून बाहेर भरली जाते, म्हणून भरलेल्या चकतीवर कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेकडे असतो. बोटांचे डाग आणि ओरखडे तेथेच अधिक पडतात. प्रत्येक प्रत किमान दोन ठिकाणी ठेवावी : एक घरातील हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावातील भावाबहिणीकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात. मूळ चकती फेकू नये. ती डबीत, उभी, ऊन आणि तापलेल्या पत्र्यापासून दूर ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालील माळा ही चकत्यांची जागा नव्हे. नाव लिहायचे तर मऊ टोकाच्या मार्कर पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. कागदी चिकटपट्टी लावू नये.

समारोप

या विद्येला मोठ्या पदवीची गरज नाही. आठवी-नववीचा विद्यार्थी क्रम पाळून हे काम शिकू शकतो आणि गावात चार घरांच्या उपयोगी पडू शकतो. चकती, कार्यप्रणाली, जोडणी, ड्राइव्ह हा क्रम. एका वेळी एकच बदल. आणि प्रत्येक निष्कर्षामागे एक चाचणी, एवढे तीन नियम त्याने आत्मसात केले तर डिस्क ड्राइव्हच नव्हे, शेतातील मोटारपंप बंद पडला तरी तो अंदाजाने भाग बदलत बसणार नाही.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना एक विनंती. वसतिगृहातील दिवसांचे, गुरुजनांच्या भाषणांचे, जयंतीच्या कार्यक्रमांचे चित्रण ज्यांच्या घरी चकतीवर असेल त्यांनी या वर्षीच त्याची प्रत करून घ्यावी आणि एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावी. त्या चित्रणात कोणाचे तरी आईवडील, कोणाचा तरी गेलेला मित्र दिसत असेल. त्याच्या घरी कदाचित त्यांचे दुसरे चलचित्र नसेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. एक ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो पण कोणतीही सीडी वाचत नाही. दोष कोठे असावा ? कारण सांगा.

२. बायोसमध्ये ड्राइव्हचे नाव दिसते, विंडोजमध्ये पिवळे चिन्ह आहे. लॅपटॉप उघडण्यापूर्वी कोणत्या दोन चाचण्या कराल ?

३. चकती मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेषेत का पुसावी ?

४. आपल्या घरातील चकत्यांची यादी करा. त्यांतील ज्यांची दुसरी प्रत कोठेही नाही, त्यांच्यापुढे खूण करा आणि यादी पालकांना दाखवा.